वावटळीच्या आत कोण असतं?

पंचायत समितीचे साहेब शाळा तपासायला आले, की आमच्या काळात मास्तर-बाईंचा जीव टांगणीला लागायचा. पोरं ऐनवेळी काय बोलतील याचा नेम नसे. माझ्या दुसरीच्या वर्गात एकदा साहेबांनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं, "वारा म्हणजे काय रे?" पुस्तकातलं उत्तर सोपं होतं. 'वाहणारी हवा म्हणजे वारा.' एवढं एकसुरात म्हटलं असतं तर साहेब खूश होऊन चहा पिऊन गेले असते. पण माझी अठ्ठावीस पोरं ताडकन उठली आणि दारातून बाहेर पळाली. वर्गात उरलो आम्ही तिघंच, साहेब, मी आणि पाय मुरगळलेला विठ्ठल.

"बाई, तुमची मुलं पळून गेली," साहेब म्हणाले.

"वारा बघायला गेलीत साहेब. येतील आता."

आली की! कोणाच्या हातात कोंबडीचं पीस, कोणाच्या मुठीत माती, दोघी ओलं बोट वर धरून आलेल्या. सगळ्यांत पुढं असलेला पोरगा धापा टाकत म्हणाला, "मावळतीकडून हाय साहेब. पर लय न्हाई. निस्तं पिंपळाचं पान हालायलंय, लिंबाचं न्हाई." साहेबांनी खिडकीतून पिंपळाकडं पाहिलं, मग लिंबाकडं पाहिलं. जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'मुलांना शिस्त नाही. वारा समजलेला दिसतो.' या एका शेऱ्याबद्दल हसावं की रडावं, हे मला निवृत्त होईपर्यंत ठरवता आलं नाही.

परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी जन्मभर पहिली आणि दुसरी शिकवली. सुरुवातीला सोनपेठच्या बाजूला होते, शेवटी पेडगावला. पण मनात घर करून बसलंय ते मधलं गाव. देवगाव फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि आत तासभर चालायचं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या पोरांतले काहीजण अजून मला फोन करतात आणि चुका काढतात. ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराची. कधी मोर्चा, कधी बंद, कधी अचानक गाड्याच नाहीत. जाण्यायेण्याचा भरवसा नव्हता म्हणून मी गावातच खोली करून राहिले. त्यामुळं शाळा सुटली तरी माझी शाळा सुटत नसे.

पहिली-दुसरीच्या बाईचं काम लोकांना फार सोपं वाटतं. शेंबूड पुसायचा आणि अ-आ-ई गिरवून घ्यायची, झालं. शेंबूड पुसावा लागतो हे खरं आहे. पण 'अ' फळ्यावर काढून दाखवता येतो, वारा कसा काढणार? मी एकदा वाकलेलं झाड काढलं आणि विचारलं, "याला काय झालंय?" पोरं म्हणाली, "म्हातारं झालंय." तेव्हापासून मी वाऱ्यासाठी खडू हातात धरला नाही.

जे दिसत नाही ते लहान मुलाच्या हाताला लागलं पाहिजे, कानाला ऐकू आलं पाहिजे. ते मी ठेचा खात खात शिकले. हौदावर नेऊन घागर पाण्यात उपडी दाबायला लावायची. ती दबत नाही, पोरं दोन्ही हातांनी रेटतात, दात-ओठ खातात, आणि जराशी कलली की बुडबुड करून बोलायला लागते. "आत काय होतं?" विचारलं की आधी म्हणतात, "काईच न्हवतं." मग कोणीतरी म्हणतं, "काईच न्हवतं तर भाईर काय आलं?" हा सवाल पोराच्या तोंडून आला, की माझा त्या दिवसाचा पगार वसूल. हेडसरांच्या सायकलीचा पंपही मी फार वापरला. तोंडाशी अंगठा धरायचा आणि दांडा दाबायचा, आतली हवा अंगठा ढकलते. पंप झाला की पोरं सायकलीच्या चाकावर यायची. त्या दिवशी हेडसर फाट्यापर्यंत पायी जायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलायचे नाहीत. परभणीच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून मी मोडक्या भोंग्यातलं चुंबक आणलं होतं. ते मातीतून फिरवलं की काळी लव चिकटायची. "बाई, हे लोखंडाला वळखतंय," एक पोरगी म्हणाली. आणि वस्तू खालीच का पडते, वर का जात नाही, याला विठ्ठलनं दिलेलं उत्तर मी आजही मोडून काढू शकत नाही. तो म्हणाला होता, "वर ठिवायला जागा कुठंय?"

वाऱ्याची रोजची खबर ठेवायची आम्ही पद्धतच पाडली होती. मैदानात बांबूला एक चिंधी बांधलेली होती. हजेरीच्या वेळी ज्याची पाळी असेल त्यानं 'हजर' म्हणायचं आणि लगेच वारा कुठला ते सांगायचं. एकदा पाळी असलेला पोरगा चिंधी सोडून गावच फिरून आला आणि म्हणाला, "बाई, मारुतीचा भगवा झेंडा आन आमच्या वस्तीतला निळा झेंडा येकाच अंगाला फडकायलेत!" मी म्हटलं, शाब्बास. शेजारच्या वर्गातून हेडसर धावत आले. "बाई, पाया पडतो, झेंड्याचं नाव काढू नका. दिवस कसे आहेत!" दिवस खरंच तसे होते. गावातली मोठी माणसं एकमेकांकडं पाहत नव्हती. पण पोरांना त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती दोन्ही झेंडे बघून यायला लागली, चिंधीची खात्री करायला. हेडसरांनी हात टेकले.

मंगल याच पोरांतली, तेव्हा ती सगळी पहिलीत होती. सात वर्षांची, केसांना तेल नाही, डोळे मात्र टकटकीत. तिचे आईवडील दर दिवाळीला ऊसतोडीला जायचे. ट्रक फाट्यावर यायचा, भांडीकुंडी, शेळी, पोरं सगळं भरून निघून जायचं ते पार उन्हाळ्यात परत. मंगलही जायची, धाकट्या भावाला सांभाळायला. आदल्या दिवाळीला मी तिच्या घरी तीन संध्याकाळ बसले. हिला ठेवा, म्हटलं, हुशार आहे. शेवटी तिचा बाप म्हणाला, "ठिवतो बाई आबापशी. पर वार्षिक परीक्षेत पास झाली तरच पुढच्या साली ठिवीन. न्हाईतर पोरगं सांभाळायला कोन हाय आमाला?" असं ठरलं. मंगल आजोबांजवळ राहिली. आबा म्हणजे किसनआबा, गावातले एक नंबरचे उफणणी करणारे. घरात बाईमाणूस नव्हतं. आबा जाडजूड भाकरी थापायचे आणि मंगल शाळेत येऊन आम्हाला त्या भाकरीचा आकार हातानं दाखवायची.

या मंगलनं मला एक दिवस खिंडीत गाठलं. मी रंगात येऊन सांगत होते की वारा दिसत नसला तरी असतो. ती उभी राहिली.

"बाई, भूतबी दिसत न्हाई. मंग भूतबी हाय का?"

मी म्हटलं, "जे खरंच असतं, त्याचं काम दिसतं. वारा पान हलवतो. म्हणून तो आहे."

"भूत ताप आनतंय. शेजारच्या काकूला आनला की."

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "उद्या सांगते." हे 'उद्या सांगते' म्हणजे आम्हा शिक्षकांचं ठेवणीतलं हत्यार. पण एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. वर आणखी शहाणपणा केला. म्हटलं, "कोणी सांगितलं म्हणून खरं मानायचं नाही. आपण जवळ जाऊन बघायचं." मंगलनं मान हलवली. तिनं ते किती मनावर घेतलं, हे मला कळलं नाही.

होळी झाली, सकाळची शाळा सुरू झाली. एक दिवस आम्ही मैदानात भिंगऱ्या फिरवत होतो. जुन्या वहीचा कागद, बाभळीचा काटा आणि ज्वारीचा धांडा, एवढ्यात भिंगरी होते. ऊन तापायला लागलं होतं. तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकाला धूळ गरगरत उठली आणि आमच्याकडं यायला लागली. वावटळ! आमच्याकडं वावटळीत भूत असतं असं मानतात. चप्पल फेकून मारली की ते पळतं. माझ्या निम्म्या पोरांच्या पायात चपलाच नव्हत्या, म्हणून त्यांनी ओट्याशी काढून ठेवलेल्या माझ्या उचलून फेकल्या. बाकीची किंचाळत वर्गात शिरली. आणि मंगल भिंगरी पुढं धरून सरळ वावटळीत गेली.

क्षणभर ती मला दिसेनाशी झाली. मग वावटळ कुंपणापलीकडं निघून गेली आणि मंगल मातीत पडलेली दिसली. डोळे चोळत होती. गुडघा फुटला होता. मी तिला पाणी पाजलं, घरी पोचवलं. संध्याकाळी तिला ताप भरला.

ऊन लागलं होतं, दुसरं काही नाही. कांद्याच्या रसानं आणि दवाखान्याच्या गोळीनं ताप दोन दिवसांत उतरला. पण गावात तोवर झालं ते झालं. 'बाईनं लेकरं वावटळीत घातली' असं पाणवठ्यावर बोललं गेलं. आठ दिवस आबांनी मंगलला शाळेत धाडलं नाही. परीक्षा दोन आठवड्यांवर आली. मी जे तीन संध्याकाळ बसून मिळवलं होतं, ते माझ्याच भिंगऱ्यांनी घालवलं होतं. रात्री जेवण गोड लागेना.

मी आबांना भेटायला खळ्यावर गेले. चपला बाहेर काढल्या, त्यातली एक बाभळीत अडकून फाटलेली होती. खळ्यात चपला घालून जात नाहीत हे मला ठाऊक होतं. आबा उंच तिपाईवर उभे होते. ज्यांनी उफणणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बैलांनी तुडवलेली कणसं, त्यात दाणा आणि भूस एकत्र. ते सुपात घेऊन उंचावर उभं राहायचं आणि वाऱ्यात हळूहळू सोडायचं. दाणा जड, तो सरळ पायाशी पडतो. भूस हलकं, ते लांब उडून जातं. किती सोडायचं, सूप किती कलतं करायचं, ते वाऱ्याच्या जोरावर. आबांचा हात असा, की दाण्याच्या राशीत कुसपट सापडायचं नाही. मी घागरी आणि पंप घेऊन जे शिकवत होते, ते हा माणूस पन्नास वर्षं पोटासाठी करत होता.

तेव्हा मात्र वारा पडला होता. आबा सूप धरून हलकी शीळ घालत होते. शीळ घातली की वारा येतो, अशी त्यांची समजूत. खाली मंगल हातात झाडू घेऊन बसली होती. मला पाहून उठली, पण आबांकडं बघून पुन्हा बसली.

"बोला बाई," आबा वरूनच म्हणाले. "वारं येस्तवर फुरसत हाय."

मी बोलले. जमीन तापते, हवा तापून वर जाते, रिकाम्या जागी आजूबाजूची हवा धावते, धावता धावता गिरकी घेते, तीच वावटळ. चांगलं समजावून सांगितलं, स्वतःवर खूश झाले. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बराबर असंल," ते म्हणाले. "तुमी शिकल्याल्या. पर बाई, मपला थोरला भाऊ वावटळीत सापडला आन तिसऱ्या दिशी गेला. मी तवा मंगीएवढा होतो. आमी दोघं ढोरं राखायलतो. मी लांब पळालो, त्यो पळाला न्हाई."

माझी तापलेली जमीन आणि वर जाणारी हवा आबांच्या त्या एका वाक्यापुढं फिकी पडली. मी खळ्याच्या कडेला बसले. वाटलं, संपलं, मंगल दिवाळीला ट्रकमध्ये बसणार.

शिळेचा गुण म्हणा की दुपारचा, वारा आला. पण सरळ आला नाही. पलीकडच्या नांगरटीतून पाचोळा उचलत, गिरक्या घेत, तो चांगला ताडमाड खांब होऊन खळ्यावर चालून आला. आबांनी तिपाईवरून उडी टाकली आणि गोधडी घेऊन राशीवर पालथे पडले. मंगल जागच्या जागी उभी राहिली, डोळ्यांवर आडवा हात धरून. आणि मी? तापलेल्या जमिनीचा आणि हलक्या हवेचा पाठ आत्ताच म्हणून दाखवलेली मी? मी डोळे गच्च मिटले आणि तीनदा थुंकले. थू, थू, थू. लहानपणी आईनं शिकवलं होतं, वावटळ दिसली की असं करायचं. ते कुठून वर आलं देव जाणे.

वावटळ गेली. राशीचा एक कोपरा पसरला होता, सूप कुंपणाच्या बोरीत जाऊन अडकलं होतं. सगळं शांत झालं आणि मंगलचा आवाज आला.

"बाई, तुमी थुकलाव!"

आबा राशीवरून उठून बसले. मिशीत भूस, भुवयांवर भूस. माझ्याकडं बघितलं आणि असे हसायला लागले, की त्यांना ठसका लागला. "बाई, तुमीबी? अवो, तुमीबी आमच्यातल्याच की!" मग मलाही हसू आवरेना. आठ दिवसांत पहिल्यांदा हसले.

हसून झाल्यावर आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि मंगलकडं वळले.

"मंगे, तू त्या दिशी आत गेलतीस. काय होतं गं आत?"

"कोनी न्हवतं आबा. मी बगायलाच गेलते, बाई म्हन्ल्या जवळ जाऊन बगा. समदा कचरा भवतीनं फिरायलता. मदी तर वारंबी कमी होतं. मपली भिंगरी लय जोरात फिरली, मग तुटली. मग डोळ्यात माती गेली आन मी पडले."

मला ती भिंगरी फिरवायला धावली असं वाटलं होतं. गावाला तिला भुतानं ओढलं असं वाटलं होतं. आम्ही सगळ्यांनी तिला तिच्याबद्दल सांगितलं, पण आत काय होतं हे आठ दिवसांत तिला कोणीही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. आयुष्यभर पोरांना सवाल विचारून पोट भरलेली बाई मी, आणि जो विचारायचा तोच विसरले. त्याची खंत आजही आहे.

आबांनी दाण्यांवरून हात फिरवला. "मपल्या भावालाबी कोनी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "दोन दिस चांगला बोलत होता त्यो."

मग त्यांनी तोड काढली. "बाई, लेकराचं बोलनं मी कसं धरू? लहान हाय. तुमी येक करा. पुढची वावटळ आली की तुमी सोता आत जावा. डोळ्यानं बगा आन मला सांगा. तुमी खोटं सांगायच्या न्हाईत. मग मी मंगीला परीक्षेला धाडतो. तवर न्हाई."

"कबूल," मी म्हटलं.

आता गंमत बघा. नको तेव्हा रोज दोन-दोन येणाऱ्या वावटळी, हवी म्हटल्यावर एक येईल तर शपथ! आभाळ भरून आलं, ऊन गेलं, हवा दमट झाली. आबा रोज मंगलला घेऊन शाळेत येत आणि लिंबाखाली बसत. मंगलला जागेवरून हलू देत नसत. ती तिथूनच कान देऊन वर्गातले पाढे म्हणायची. मी शिकवता शिकवता खिडकीतून मैदानाकडं बघायचे. गावात बातमी पसरली. येणारे-जाणारे कुंपणावरून विचारायचे, "आली का बाई?" जणू काही फाट्यावरची एसटी. हेडसर कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, आजवर मी शिक्षकांना साहेबांची वाट बघताना पाहिलं, पावसाची वाट बघताना पाहिलं. वावटळीची वाट बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मी हसायचे, पण दिवस मोजत होते. सहा राहिले. चार राहिले. मग परीक्षा उद्यावर आली.

त्या दिवशी ढग पांगले आणि ऊन कडकडून पडलं. शाळा सुटायला अर्धा तास असताना विठ्ठल खिडकीतून ओरडला, "बाई, उठली!" मैदानाच्या त्याच टोकाला, तशीच. पोरं दारात गर्दी करून उभी राहिली. या वेळी चपला फेकायच्या नाहीत अशी सक्त ताकीद होती. मी पदर खोचला आणि निघाले. पंधरा पावलं चालले असेन. मग थांबले. जमीन तापते, हवा वर जाते, सगळं तोंडपाठ, पण पाय उचलेना. तेवढ्यात माझ्या हातात एक खरखरीत लहान हात आला. मंगल आबांच्या हाताला हिसका देऊन आली होती.

"चला बाई. लवकर, न्हाईतर जाईल."

आम्ही आत शिरलो. अंगावर मातीचा मारा, कानात घूं घूं आवाज, पदर सुटून डोक्यावर. तोंड गच्च मिटलं होतं, म्हणजे या वेळी थुंकले तरी नाही. मंगलनं माझा हात ओढला.

"बाई, डोळे उघडा की! न्हाईतर काय दिसंल?"

मी डोळे उघडले. मंगल म्हणाली होती तसंच होतं. भोवती धूळ, पाचोळा, ज्वारीची पातं, कागदाचे कपटे, सगळं गरगरत होतं. मध्ये मात्र वारा कमी होता, मंगलच्या कपाळावरचे केस नुसते भुरभुरत होते. ती वर बघून हसत होती. डोक्यावर, पार उंचावर, काहीतरी पांढरं गिरक्या घेत होतं. दोन-तीन श्वास घेतले असतील आम्ही. मग सगळं आमच्या अंगावरून पुढं निघून गेलं आणि ते पांढरं माझ्या पायाशी येऊन पडलं. ओट्यावर उभ्या असलेल्या हेडसरांची टोपी!

पोरांनी एकच गलका केला. आबा लिंबाखालून उठून आमच्याकडं येत होते. जवळ आले आणि थांबले. ते हसत नव्हते.

"कोन होतं आत?"

"मी होते. मंगल होती. आणि हेडसरांची टोपी होती."

"आन?"

"आणखी कोणी नव्हतं आबा. मी डोळे उघडून बघितलं."

आबांनी आवाज अगदी लहान केला. "मपला भाऊ न्हवता?"

तेव्हा मला कळलं, हा माणूस सगळी हयात वाऱ्याला शीळ घालून बोलावत होता आणि प्रत्येक वावटळीला भीत होता, ते कशामुळं. मी पदरानं डोळे पुसले. धूळ होती, म्हणून कोणाला कळलं नाही.

"नव्हता आबा. तिथं कोणालाच अडकवून ठेवलेलं नाही."

आबांनी मान हलवली. मग मंगलच्या केसांतली काडी काढून टाकली, पुन्हा एक काढली. "बरं झालं," ते म्हणाले. "उद्या परीक्षेला पाटीच आनायची, का वहीबी लागती?"

मंगल पास झाली. तोंडी परीक्षेत मी तिला वारा म्हणजे काय ते विचारलं नाही. सात दुणे किती ते विचारलं. तिनं चौदा सांगितलं आणि वर म्हणाली, "बाई, सोपं इचारायलाव."

उन्हाळ्यात आईबाप परत आले. बापानं निकालाचा कागद उलटा-सुलटा बघितला आणि घडी करून खिशात ठेवला. पुढं पाऊसपाणी झालं, दसरा झाला, दिवाळी आली. सुट्टीत फाट्यावर ट्रक लागल्याचं मला कळलं. कोणकोण गेलं, ते मी विचारायला गेले नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे खरं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी हजेरीपट उघडला. बाकांच्या जागी अंथरलेल्या पट्ट्यांवर नेहमीप्रमाणं मोठमोठी भोकं पडली होती. सहा पोरं गेलेली. मी खाली मान घालूनच नावं घ्यायला लागले. विठ्ठल हजर होता. पुढची दोन नव्हती. मंगलचं नाव घेतलं, तर उत्तर नाही. मी पुन्हा घेतलं. मी पेन टेकवलं, गैरहजरी मांडायला.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. हातात पीस, नाकाचा शेंडा थंडीनं लाल, आणि धाप.

"हजर बाई! वारं उगवतीकडून हाय. दोन्ही झेंडे बगून आले."